रानपिंगळा आणि कंदीलपुष्प

शहाद्याजवळच्या सागवानी रानात नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या पक्ष्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. तो नामशेष झाला असावा, असेच मानले जात होते. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील या शोधाने खानदेशचे नाव जगभर गेले. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याचे अस्तित्व नोंदले गेले.

कंदीलपुष्पाचे, अर्थात खरपुडीचे, दैव निराळे. पावसाळ्यात उमलणारी तिची नळी चिमुकल्या माशांना काही काळ कोंडते व परागकण चिकटवूनच सोडते. तिच्या कित्येक जाती सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांपुरत्या उरल्या आहेत. त्यांचे कंद माणूसही खणतो, रानडुक्करही उकरते. परंतु १९७२ च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींची अनुसूचीच नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने ती आली, तीही अवघ्या सहा नोंदींची. त्यांत खरपुडी नव्हती. डोळे रोखून पाहणाऱ्या पक्ष्याविषयी ममत्व सहज वाटते. फुलाला ते लाभत नाही.

उलटपक्षी, खरपुडी कुंडीत जगवता येते; कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तशी जोपासना केलीही. रानपिंगळ्याला मात्र जुन्या झाडाची ढोलीच हवी. तथापि बागेतील रोप ही केवळ ठेवीची पावती होय. मूळ ठेव डोंगरावरच असते. म्हणूनच रानपिंगळ्यासाठी राखलेल्या सातपुड्याच्या जंगलात पावसाळी वनस्पतींचीही गणना व्हावयास हवी. संरक्षणाचा हिशेब जातींच्या यादीवर नव्हे, जमिनीवर मांडला पाहिजे.