दंतचर्चा – लेखांक सातवा : मुळे शुद्ध झाली, दाढेचे काय?

मागील लेखांकात मूळनलिकांच्या शुद्धीचे प्रकरण संपले. परंतु ठणका थांबताच सारा मामला निकालात निघाला असे मानून, टोपी बसविण्याचे काम आधी कापूस विकला जाईपर्यंत आणि मग लग्नसराई उरकेपर्यंत तहकूब ठेवणारे रुग्ण खानदेशात थोडेथोडके नाहीत. धुळ्याला दंतमहाविद्यालय आहे, जळगावातही दवाखान्यांची वाण नाही, तेव्हा सबब सोयीची नसून "आता दुखत नाही ना, मग खर्च कशाला?" या हिशेबाची असते. अशी हंगामी भरणावर ठेवलेली दाढ सुपारीचे खांड फोडताना उभी चिरली आणि चीर मुळात उतरली, की ती उपटण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दाढ 'मेली' म्हणून ठिसूळ होते, ही रूढ समजूत फारशी खरी नाही. री, मेसर आणि डग्लस यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या, उपटलेल्या दातांवरील प्रयोगांत मूळनलिकांच्या उपचाराने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला, तर पुढची व मागची अशा दोन्ही कडा कोरल्यावर तीच घट ६३ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे दाढ दुबळी होते ती गमावलेल्या भिंतींमुळे.

ज्या जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती सर्वदूर आहे, तेथील वाचकांना सोन्याच्या टोपीची थोरवी मी काय सांगावी? धातू म्हणून तिला आजही नावे ठेवता येणार नाहीत. मात्र तिची सारी भिस्त चहूबाजूंनी तासलेल्या खुंटावर, आणि खुंट उरला नसल्यास मुळात खिळा बसवून उभारलेल्या कृत्रिम गाभ्यावर असे. आणि हा खिळा गाभ्याला धरीत असला तरी मुळाला बळ देत नाही, उलट त्याच्यासाठी मूळ अधिक कोरले गेल्यास चिरण्याचे भय वाढते.

१९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने इनॅमल खरबरीत केल्यास राळ त्यास घट्ट धरते असे दाखविले, आणि त्याच वाटेने पुढे दाढेच्या पोकळ गाभ्यातच उतरणारी अखंड सिरॅमिकची टोपी, एंडोक्राउन, शक्य झाली. हिच्या चिकटविण्यात उतावीळपणा खपत नाही. लाळ अडविण्यासाठी रबराचा पडदा ताणतात. लवंगतेलातील युजेनॉलचा लवलेशही राळेचे घट्ट होणे बिघडवितो, म्हणून गाभा कसून स्वच्छ करतात. लिथियम डायसिलिकेटच्या टोपीची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने सुमारे २० सेकंद कोरून तीवर सिलेन लावतात. दाढेचे इनॅमल आम्लाने खरबरीत करून धुतात, पण डेंटिन कोरडे ठक्क पडू देत नाहीत, कारण त्यातील तंतूंचे जाळे खाली बसले की राळेस आत शिरावयास वाट राहत नाही. एवढे झाल्यावरच राळ भरून टोपी दाबतात, कडेची जादा राळ पुसतात आणि दिव्याच्या निळ्या प्रकाशाने ती पक्की करतात.

कड हिरडीच्या खाली खोल गेली असेल तर तेथे इनॅमल नसते, ओलही आवरत नाही. अशा दाढेस ही टोपी देण्याची घाई करू नये. उपदाढांचा गाभा अरुंद, म्हणून त्यांचा विचार पुढील आठवड्यात निराळा करू.