दार मी उघडतो, तुम्ही बसा

पहाटे ५.३०

जुलै महिन्यात चाळकेवाडीची वर्दी असली की मी टायरच्या आधी दारं तपासतो. एर्टिगाची चारही दारं एकेक करून सावकाश उघडायची. दोन बिजागऱ्यांच्या मध्ये एक लोखंडी पट्टी असते. दार उघडलं की ती दाराच्या पोटातून बाहेर सरकते. आमच्या लाइनीत तिला डोअर स्टॉपर म्हणतात. तिच्यावर उंचवटे असतात, म्हणून दार अर्ध्यावर एकदा थांबतं आणि पुरतं उघडल्यावर पुन्हा थांबतं. हे थांबणं हाताला घट्ट लागलं पाहिजे. दार निसटल्यासारखं पुढं गेलं, तर पट्टी झिजली किंवा तिचा बोल्ट ढिला झाला. साताऱ्यातल्या सपाट रस्त्यावर याचं कुणाला काही वाटत नाही. पठारावर वारा एका हिसक्यात हिशोब मागतो.

मग बिजागऱ्यांना दोन थेंब ऑइल, रबरी बीडिंगवरून फडकं, आणि मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक खालीवर करून बघायचं. दाराच्या कडेला, कुलपाच्या खाली ती बारकी कळ असते. गाडी घेतल्यापासून बहुतेक मालकांनी तिला हातही लावलेला नसतो. पावसाळ्यात माझा अर्धा धंदा त्या कळीवर चालतो.

६.४५

पोवई नाक्यावर चहा. शहरात पाऊस रिमझिम, झाडाचं पान हलत नाही. यावरून वरचा अंदाज बांधणारा फसतो. सातारा डोंगरांच्या आडोशाला आहे. चाळकेवाडी उघड्या पठारावर. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून येतो, कोकण ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो. वर चढताना हवा कड्याच्या माथ्याशी दाटते आणि तिथंच तिचा वेग वाढतो. सडावाघापूरला धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं, ते याच वाऱ्यानं. पाण्याची ही गत, तर दाराच्या पत्र्याचं काय!

वरच्या कणीसवाल्याला फोन लावला.

"काय म्हणतंय वारं?"

"ताडपत्रीवर दोन दगडं वाढवली बघा."

माझ्यासाठी वेधशाळा ती हीच. रोज किती दगड, ते आम्ही बोलून ठेवतो.

८.००

एसटी स्टँडसमोर पुण्याचं कुटुंब उभं. आजी-आजोबा, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. आजोबांना पुढं बसवलं. मधल्या सीटवर डावीकडे आजी, उजवीकडे वहिनी. मागं मुलं आणि त्यांचे बाबा.

निघायच्या आधी मी माझं ठरलेलं वाक्य बोलतो. "वर पठारावर गेल्यावर दार कुणी उघडायचं नाही. मी खाली उतरतो, मी उघडतो."

वहिनी संकोचल्या. "अहो दादा, कशाला एवढं? आम्ही उतरू की आमचे आम्ही."

आजोबा मात्र खूश. "आमच्या सरकारी गाडीचा ड्रायव्हर असाच होता. अदब म्हणून काही असते."

मी काही बोललो नाही. अदबीच्या नावाखाली नियम पाळला जात असेल, तर माझी तक्रार नाही.

९.१५

बोगद्यातून बाहेर पडलो की सज्जनगडाचा रस्ता. गडाच्या पायऱ्यांखाली गाड्या दाटीनं लागतात. इथं भीती वाऱ्याची कमी, शेजाऱ्याची जास्त. पोरं दार भिरकावतात आणि बाजूच्या गाडीला पोचा पडतो. म्हणून डावीकडे भिंत किंवा चर बघून गाडी लावायची आणि सगळ्यांना एकाच बाजूनं उतरवायचं.

मंडळी समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन येईतो मी मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक लावून टाकतो. आता ती दारं आतून उघडत नाहीत.

११.००

ठोसेघर. दरी, धबधबा, फोटो, ओले कपडे. झाडांच्या आडोशाला वारा तुटलेला. या ठिकाणी माझं काम फक्त टॉवेल द्यायचं आणि पायांचा चिखल पायपुसण्यावर उतरवायला लावायचं.

निघताना आजींनी आतून दार उघडून बघितलं. उघडेना. "अगं बाई, कोंडलं का आपल्याला?" मागची नातवंडं खिदळली. मी म्हटलं, "आजी, वर गेल्यावर सांगतो."

१२.३०

पठार लागलं. धुकं असं की पवनचक्कीचा खांब अर्ध्यावर संपलेला. पात्यांचा घुमता आवाज येतो, पाती दिसत नाहीत. मध्येच धुकं फाटतं आणि अख्खी चक्की अंगावर आल्यासारखी समोर उभी राहते. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर या पट्ट्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या चक्क्या आल्या. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मी त्यांचं तोंड बघतो.

चक्की आपलं तोंड वाऱ्याकडे फिरवून घेते. पाती पुढं, डबा मागं. म्हणून पात्यांची बाजू जिकडे, तिकडून वारा. आज पश्चिमेकडून, जरा नैर्ऋत्येला झुकलेला. चक्की दिसत नसेल तेव्हा गवत बघायचं, तेही नसेल तर टपरीची ताडपत्री. मग गाडीचं नाक त्या दिशेला करायचं. जागा सोयीची नसली, दोन वेळा मागं-पुढं घ्यावं लागलं, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी नाक वाऱ्याकडेच.

कारण साधं आहे. गाडीच्या दाराची बिजागरी पुढच्या बाजूला असते. वारा पाठीमागून आला, तर फटीतून आत शिरतो आणि दाराला आतून धक्का देतो. तेव्हा दार गलबताच्या शिडासारखं फुगून पुढं जातं आणि हातातून सुटतं. वारा समोरून आला, तर तेच दार तो मिटायला बघतो. उघडायला जड जातं, पण पत्रा वाचतो. वारा बाजूनं असेल, तर दोन्हीकडची दारं एकदम उघडायची नाहीत. एकीकडून आत घुसलेला वारा गाडीतून आरपार जातो आणि दुसरीकडचं दार घेऊन निघतो.

मोठ्या बसच्या आडोशाला गाडी लावणं हा आणखी एक सापळा. बस उभी आहे तोवर शांत. बस हलली की सगळा वारा एकदम अंगावर. कुणाचं दार नेमकं तेव्हा अर्धं उघडं असतं.

मी काच दोन बोटं खाली घेतली, डाव्या हातानं आतलं हँडल आणि उजव्या हातानं दाराची वरची चौकट धरली, झोत जरा बसेपर्यंत थांबलो आणि उतरलो. फिरून आजोबांचं दार उघडलं, मांडीनं अडवून धरलं. ते उतरले. मग आजी.

आजींच्या वेळी खरा जीव टांगणीला. वयस्कर माणूस उतरताना हमखास मधल्या खांबाला धरतो, पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधल्या खांबाला. पुढचं दार मिटतं तेही त्याच खांबावर. नाक वाऱ्याकडे असलं की दार मिटायला टपलेलंच असतं. म्हणून पुढचं दार आधी बंद करायचं, मग मागचं उघडायचं, आणि आजींचा हात आपल्या हातात घ्यायचा. आजी म्हणाल्या, "लेकासारखा आहेस रे." मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

१.१५

कणीसवाल्याशी बोलत होतो तेवढ्यात एक पांढरी एसयूव्ही आली आणि चक्कीचा फोटो काचेतून नीट यावा म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी हात केला, ओरडलो. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

चालवणाऱ्या तरुणानं एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं दाराची कळ ओढली. दार पहिल्या थांब्यावर थांबलंच नाही, दुसऱ्यावरही नाही. कडाड् असा एकच आवाज झाला. दाराची पुढची कड फेंडरच्या आत घुसली, रंगाची पापडी उडाली आणि दार तिथं थरथरत राहिलं. डॅशबोर्डवरची पार्किंगची पावती, टोलची पावती, वेफरचं पाकीट, सगळं आधी दरीकडे गेलं.

तो दार ओढायला लागला. मी पळत जाऊन थांबवलं. अशा वेळी जोर लावायचा नसतो. एकानं दार खालून किंचित उचलून धरायचं, दुसऱ्यानं कुलपाचा खिळा बघत हळू लोटायचं. मिटलं, पण वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली. बसलं आहे की नाही, हे डॅशबोर्डवरचा दाराचा दिवा विझल्यावरच समजायचं. दिवा विझला.

"भाऊ, हाताला लागलं का?"

"नाही. पण गाडी नवी आहे हो. एवढ्याशा वाऱ्यानं?"

नातवंडांसह आमचं सगळं कुटुंब हे बघत उभं होतं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या दारांकडे. चाइल्ड लॉकचा विषय पुन्हा निघाला नाही.

२.१५

टपरीत पिठलं-भाकरी. शेजारच्या बाकावर चक्क्यांच्या देखभालीचं काम करणारा एक तंत्रज्ञ जेवायला आलेला. त्या तरुणानं पुन्हा तेच विचारलं, एवढ्याशा वाऱ्यानं दार कसं वाकतं? तंत्रज्ञानं खडूनं टेबलावर मांडून दाखवलं. एक चौरस मीटर पत्रा वाऱ्याला सरळ आडवा धरला आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असला, तर त्यावर साधारण ४ किलोचा भार येतो. वारा ६० चा झाला की भार ८ होत नाही, १७ च्या आसपास जातो. वारा दुप्पट, जोर चौपट. ९० ला तो नऊपट. एवढा वारा टिकून राहिला तर चक्क्यासुद्धा पाती वळवून थांबतात, कारण त्यांनाही सोसत नाही.

वर हा जोर दाराच्या मधोमध पडतो आणि त्याला अडवायला बिजागरीपाशी वीतभर लांबीची पट्टी. शिवाय दार नुसतं ढकललं जात नाही, वेग घेऊन जातं. शेवटी बसतो तो घाव असतो. माणसाचा हात दाराच्या कळीपाशी, म्हणजे बिजागरीपासून लांब असतो, म्हणून हातानं धरलेलं दार वाचतं. सुटलेलं वाचत नाही.

पलीकडे इकोवाला सरकतं दार अर्धं उघडं टाकून त्याच्या आडोशाला निवांत तंबाखू मळत बसला होता. पावसाळ्यात त्याचा रुबाब वेगळाच असतो.

४.००

गाडीत बसवणं उतरवण्यापेक्षा अवघड. माणसं भिजलेली, घाईला आलेली. सगळ्यांना एकदम आत शिरायचं असतं. डिकी सगळ्यात आधी, मग बाकीची दारं. नाक वाऱ्याकडे असल्यानं डिकीची बाजू आडोशाला येते, छत्र्या आणि पिशव्या नीट आत जातात. गाडी उलटी लावली असती, तर डिकी उघडताच वारा खालून शिरून तिला वर फेकतो आणि आतले कागद, टोप्या सगळं हवेत. नंतर एक दार, एक माणूस, दार बंद. पुढचं दार, पुढचा माणूस.

सूनबाईंनी आता विचारलं, "दादा, तुम्ही अदबीनं दार उघडत नव्हता तर!"

"वहिनी, अदब आहेच. पण फेंडर पण आहे."

५.४५

कुटुंब राजवाड्यावर खाऊ घ्यायला उतरलं. एसयूव्हीवाला माझ्या मागंमागं आला होता. त्याला ओळखीच्या डेंटरकडे नेलं. डेंटरनं पोच्याकडे बघितलंही नाही. आधी दार उघडून बिजागरी बसते त्या खांबावर बोट फिरवलं, स्टॉपरचा बोल्ट बसतो तिथं.

"फेंडर ठोकून, पुट्टी लावून, रंग मारून दोन दिवसांत देतो. त्याचं काही नाही. इथला पत्रा ताणलाय, हे बघा, रंगाला केसासारखी चीर. हा सरळ केल्याशिवाय नवा स्टॉपर टाकला तरी दार लोंबणार. मग पाणी आत येणार, हायवेला शिट्टी वाजणार."

मग विम्याचा हिशोब. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो, सलग ५ वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांवर जातो. नुसता रंग असता तर खिशातून भरणं परवडलं असतं. खांबाचं काम निघालं म्हणून डेंटर म्हणाला, कंपनीला फोन करा, आणि हात लावायच्या आधी फोटो काढा. तरुण फोटो काढत राहिला. सकाळपासून त्यानं काढलेल्या फोटोंपैकी हेच कामाचे.

७.१५

स्टँडवर कुटुंबाला सोडलं. चाइल्ड लॉक काढलं होतं, तरी सगळे आपापल्या जागी बसून राहिले. मी उतरून दारं उघडीपर्यंत कुणी हललं नाही. नातू म्हणाला, "काका, इथं वारा नाहीये." तरी तोही बसून होता. आजोबांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातात ठेवले.

८.३०

घरी आल्यावर दारांच्या खालच्या कडेची भोकं काडीनं मोकळी केली. चिखलानं ती बुजली की पावसाचं पाणी दाराच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बिजागऱ्या पुसल्या. माझी सीएनजी आहे, म्हणजे उद्याची रांग पहाटे लावायची.

तेवढ्यात फोन आला. पुण्याचाच, आजोबांच्या ओळखीतला. "रविवारी पाच माणसं, ठोसेघर आणि चाळकेवाडी. आमच्या साहेबांना दार उघडून देणारा ड्रायव्हर लागतो. तुम्ही देता म्हणे?"

"देतो की," मी म्हटलं. "पण गाडी कुठं आणि कोणत्या तोंडानं लावायची, ते साहेबांनी सांगायचं नाही."