डब्यातली बारी

सकाळच्या लोकलमध्ये ढोलकी चढवायची असेल तर ती पोटाशी धरावी लागते. पाठीला लावली की गर्दीचा पहिला रेटा नेमका पुडीवर बसतो. टाळांचे तसे नाही. ते रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्याशेजारी बॅगेत बसतात, आणि डबा सांडला तर दुसऱ्या दिवशी टाळांना लोणच्याचा वास येतो. भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये भजन म्हणणाऱ्यांना अशी व्यवधाने फार. त्यातून एकदा बसायला जागा मिळाली, टाळ बाहेर निघाले आणि बुवांनी सूर धरला, की मैफल सुरू. निवेदक नाही, तिकीट नाही, ध्वनिक्षेपक तर नाहीच.

कामाचे दिवस वर्षाला अडीचशेच्या घरात धरले, तर एका डब्यात एकच मंडळी वर्षात तेवढ्या वेळा एकत्र गातात. कोणत्याही संगीत मंडळाने हेवा करावा अशी ही मालिका आहे. शहरात सभागृहांची चैन तशीही नव्हती. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१मध्ये ती ५,२०,३८८ झाली आणि २०११मध्ये ८,०९,३७८. महानगरपालिका झाली २००२मध्ये. लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उघडले ते २०२२मध्ये. तोवर आठ लाखांहून अधिक माणसांच्या गावाने आपले गाणे देवळात, मांडवात, सोसायटीच्या गच्चीवर आणि रेल्वेच्या डब्यात भागवले.

रेल्वेच का, याचे उत्तर भूगोलात आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरांचे. या मार्गावर विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी धावू लागली १८६७मध्ये. विजेची गाडी १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६मध्ये विरारला पोचली. भाईंदर येते विरारकडच्या अंगाला, वसईच्या खाडीच्या अलीकडे, आणि हेच त्याचे दुखणे. विरार, नालासोपारा, वसईहून गाडी भरून येते. भाईंदरकराला दारात लटकायला मिळाले तरी नशीब. म्हणून काही जण आधी उलट्या दिशेने विरारला जातात आणि तीच गाडी परतताना जागा धरून येतात. काही जण भाईंदरहूनच सुटणाऱ्या लोकलची वाट पाहतात. भजनाला ही भाईंदर लोकल मानवते, कारण ती रिकामी मिळते. टाळकऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि वरची कडी धरून उभ्याने टाळ वाजवण्याची कला अजून कुणाला साधलेली नाही.

हे भजन डब्यात जन्मले नाही. ते कोकणातून मुंबईत आले ते गिरणी कामगारांबरोबर. लालबाग, परळ, नायगावच्या चाळींत गाववार मंडळे असत, आणि गावकऱ्यांच्या खोलीत भजनाला बसणे हा शनिवारचा ठरलेला कार्यक्रम असे. खोली दहा बाय दहाची, माणसे वीस. पाळीवरून सुटलेला कामगार आला की त्याच्या हातात टाळ ठेवला जाई. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्याच उठल्या. चाळीतली खोली विकून किंवा भावांत वाटणी करून अनेक कुटुंबे पश्चिम मार्गावर वर सरकत गेली: दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरार. घर मोठे झाले, पण शेजार तुटला. संध्याकाळी सात-साडेसातला घरी पोचणाऱ्या माणसाला पुन्हा भजनाला बाहेर पडण्याचे त्राण कुठले? दिवसातले दोन-अडीच तास मात्र तो रोज त्याच माणसांबरोबर घालवत होता, आणि तेही दहा बाय दहाहून फार मोठ्या नसलेल्या जागेत. चाळीतली खोली रुळांवर आली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कोकणी भजनात एक प्रकार आहे डबलबारीचा. दोन बुवा, दोन मंडळे, समोरासमोर बैठक. एकाने अभंग गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने गजरातून उत्तर द्यायचे. रात्र सरते, पण श्रोते उठत नाहीत. काशीराम परब, चिंतामणी पांचाळ, चंद्रकांत कदम, परशुराम पांचाळ ही नावे सिंधुदुर्गात आणि मुंबईतल्या मालवणी माणसांत नाटकवाल्यांच्या नावांइतकीच परिचयाची. डब्यात एवढी झुंज परवडत नाही. वेळ तासाभराचा, आणि प्रतिस्पर्धी म्हटला तर पुढच्या स्टेशनची उद्घोषणा करणारी बाई. तरी बारीचा क्रम अंगात मुरलेला असतो. आधी गणेशाचे स्तवन आणि नामाचा गजर, मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, मग करुणेचे किंवा उपदेशाचे, नंतर गौळण, शेवटी भैरवी.

हा क्रम गाडीच्या थांब्यांवर बसवावा लागतो, आणि खरी कारागिरी इथे दिसते. भाईंदर ते मीरा रोड, मीरा रोड ते दहिसर, दहिसर ते बोरिवली ही अंतरे काही मिनिटांची. दर थांब्याला माणसे आत घुसतात, कुणाचा पाय टाळावर पडतो, कुणाची बॅग ढोलकीवर. एवढ्यात स्तवन आणि गजर उरकायचा, कारण गजर सगळ्यांना येतो आणि तो तुटला तरी लगेच जोडता येतो. जलद गाडी असली तर बोरिवली सुटल्यावर अंधेरीपर्यंत चांगला मोकळा टप्पा मिळतो. चढ-उतार नाही, दाराशी ढकलाढकली नाही. बुवांना जो अभंग मनापासून गायचा असतो, तो इथे येतो. सावकाश आलाप, एक-दोन ताना, झीलकऱ्यांना ध्रुवपद दोनदा उचलू देण्याची सवड. अंधेरीनंतर गौळण. दादरला निम्मा डबा उतरतो, त्यामुळे भैरवी वांद्र्याच्या आसपास लागली पाहिजे. ती चुकली तर अर्धी मंडळी फलाटावरून हात जोडतात आणि उरलेले मुंबई सेंट्रलपर्यंत ओशाळल्यासारखे गात राहतात.

अभंगाचा छंदही या कामाला सोयीचा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण. वाक्य छोटे, यमक ठसठशीत, शेवटी संताची नाममुद्रा. ज्याला पुढचे कडवे आठवत नाही त्यालाही चौथा चरण कुठे पडणार ते कानाने कळते आणि तो तिथे सूर मिसळतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. ढोलकीवाल्याला फार करामत करावी लागत नाही, आणि त्याने करू नये अशीच बाकीच्यांची इच्छा असते.

वाद्यांची निवड गर्दीने केली आहे. चाळीतल्या भजनात पखवाज असे, डाव्या पुडीला कणीक लावून घुमवलेला. डब्यात कणीक कोण मळणार? पखवाज मागे पडला, ढोलकी आणि खंजिरी आली. पेटीही घरी राहिली. हार्मोनियम मुळात फ्रान्सची; कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तिला हाताचा भाता देऊन मांडी घालून बसणाऱ्यांच्या सोयीची केली. मांडी घालण्याइतकीही जागा जिथे नाही तिथे तिचा इलाज चालत नाही. पेटी नसल्याने पट्टी बुवांच्या गळ्यावर ठरते, आणि ती बहुधा उंच ठरते. गाडीच्या मोटारींची घरघर आणि चाकांची घडघड खालच्या पट्टीतली आवाजाची जागा व्यापून बसलेली असते. खर्जात गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. काशाचे टाळ मात्र त्या घरघरीच्या कितीतरी वर वाजतात आणि पत्र्याच्या भिंतींवरून उलटून येतात. म्हणूनच डब्यात चार टाळ पुरतात, आठ झाले की शब्द ऐकू येत नाहीत. जुन्या गाडीत रुळांच्या सांध्यांवरची खडखड हाही एक ठेका होता. आता रूळ सलग जोडलेले असतात आणि गाड्याही कमी आवाजाच्या, त्यामुळे ती साथ सुटली.

लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३पासून वादकांना परवाने आणि ठरलेल्या जागा मिळतात. न्यूयॉर्कमध्ये अशी योजना १९८५पासून आहे. तिथला वादक एकटा किंवा दोघे-तिघे, समोर टोपी, आणि ऐकणारे येणारे-जाणारे. भाईंदर लोकलमध्ये टोपी नाही आणि येणारे-जाणारेही नाहीत. जो ऐकतो तोच गातो. पहिले काही दिवस नुसती मान हलवणारा प्रवासी महिन्याभरात टाळ्या वाजवू लागतो, आणि एके दिवशी टाळकरी रजेवर असला की त्याच्या हातात टाळ येतात. बिगरीतून पहिलीत जाण्याचा हा मार्ग. फॉर्म भरावा लागत नाही.

पण ज्याला ऐकायचेच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न टाळता येत नाही. रात्रपाळी करून निघालेल्या परिचारिकेला, परीक्षेला निघालेल्या मुलाला, डोके दुखणाऱ्या माणसाला टाळांचा आवाज तासभर कानाशी नको असतो. डब्यात जैन, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच असतात. भाईंदर आणि मीरा रोड ही वस्तीच तशी आहे. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४५नुसार डब्यात उपद्रव करणाऱ्याला खाली उतरवता येते. भजन म्हणजे उपद्रव का, याचे उत्तर प्रत्येक डब्यात वेगळे. भजनापेक्षा लोकांचा राग असतो जागा अडवण्यावर. आमच्या ग्रुपची सीट म्हणून रुमाल टाकायचा, नवख्याला उठवायचे, दार अडवायचे, ही दादागिरी पत्त्यांच्या टोळक्यात असते तशी भजनाच्या नावानेही चालते, आणि विठ्ठलाचे नाव घेतल्याने ती सौम्य होत नाही. शहाणी मंडळे ओळखू येतात. ती डब्याच्या एका टोकाला बसतात, कुणी कपाळाला हात लावून बसलेले दिसले तर टाळ खाली ठेवून नुसत्या टाळ्यांवर गातात, आणि जागा धरून ठेवतात ती फक्त ढोलकीवाल्यासाठी. तेवढे चालावे.

महिलांच्या डब्यात बाज निराळा. पश्चिम रेल्वेवर पूर्ण महिलांची गाडी ५ मे १९९२ला सुरू झाली, पण बायकांची गाणी तिच्याही आधीपासून त्यांच्या डब्यात होती. तिथे शेंगा सोलता सोलता, मेथी निवडता निवडता अभंग होतो. अश्विनात भोंडल्याची गाणी आणि गरबा, संक्रांतीनंतर हळदीकुंकू. ताल बहुधा टाळ्यांचा किंवा बांगड्यांचा. मालडब्यात उत्तनच्या कोळणी टोपल्या घेऊन बसतात. त्यांची गाणी वेगळी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली, लग्नाच्या आणि समुद्राच्या बोलांची. त्या सूर लावतात तो लहर आली तर. कुणाच्या फर्माइशीने नाही.

वारही पाळले जातात. मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त किंवा साईबाबा, शनिवारी मारुती, एकादशीला फक्त विठ्ठल. वारकऱ्यांच्या भजनी मालिकेत वारांचे अभंग ठरलेले असतातच. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा आणि आंब्याची पाने लागतात, खिडकीच्या गजाला हळदकुंकू, मोटरमनला नारळ आणि पेढे. त्या दिवशी गाडी सुटायला मिनिटभर उशीर झाला तरी कुणी घड्याळ पाहत नाही.

मालिका तुटली ती २०२०मध्ये. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लोकल थांबल्या. पुढे त्या धावल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वांना ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला १ फेब्रुवारी २०२१ला, तो एप्रिलमध्ये पुन्हा गेला, आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी दारे उघडली १५ ऑगस्ट २०२१ला. परतलेल्यांच्या तोंडावर मास्क, आणि मास्कमधून भैरवी म्हणता येत नाही. काहींना तोवर घरून काम करायची सवय लागली होती, काही निवृत्त झाले होते.

आता वातानुकूलित लोकल आल्या आहेत. पश्चिम मार्गावर पहिली धावली २५ डिसेंबर २०१७ला. दारे-खिडक्या बंद, आत गारवा, बाहेरचा गोंगाट फार कमी. गाण्यासाठी ही जागा उत्तम वाटावी, पण बंद डब्यात टाळ जास्तच टोचतात आणि बहुतेकांच्या कानात आपापली गाणी असतात. पासाचे दरही वेगळे, त्यामुळे जुना ग्रुप दोन गाड्यांत विभागला जातो: साहेब झालेले गारव्यात, बाकीचे दारात वारा खात. भैरवीला मग उंच स्वर धरणारा एखादा गळा कमी पडतो. ढोलकीवाला मात्र साध्या गाडीतच असतो. वांद्रे आले की तो गाठी सैल करतो, गवसणी चढवतो आणि ढोलकी पुन्हा पोटाशी घेऊन दादरसाठी उभा राहतो.