डेल्टा निद्राप्रेरक पेप्टाइड

व्याख्या
डेल्टा निद्राप्रेरक पेप्टाइड, संक्षेपाने डीएसआयपी, ही नऊ अमिनो आम्लांची छोटी शृंखला आहे. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युत्-आलेखावर सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांच्या, मंद व उंच डेल्टा लहरी उमटतात. या लहरी वाढवणारे द्रव्य म्हणून त्याची ओळख झाली.

शोध
झोप आणणारे द्रव्य शरीरातच साठत असावे, हा तर्क जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये पिएरों यांनी जागरण घडवलेल्या कुत्र्यांचा मस्तिष्कद्रव दुसऱ्या कुत्र्यांना टोचला, तेव्हा तीही झोपली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मोनिए आणि शोएनेनबेर्गर यांनी याच वाटेने काम केले. सशाच्या मेंदूतील थॅलॅमस या भागाला सौम्य विद्युत् उत्तेजन देऊन झोप आणायची, मेंदूतून परतणारे रक्त गाळायचे आणि तो अंश दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडायचा, अशी त्यांची पद्धत होती. १९७७ मध्ये त्या अंशातील या पेप्टाइडची रचना प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती
डीएसआयपी नेमके कसे काम करते, हे सांगण्यातच खरी अडचण आहे. एखादे पेप्टाइड मेंदूचा संदेशवाहक ठरण्यासाठी त्याचे जनुक, पूर्वगामी प्रथिन आणि ग्राही सापडावे लागतात; शिवाय ते नाहीसे झाल्यावर काय बिघडते, तेही दिसावे लागते. १९९८ मध्ये सापडलेल्या ओरेक्सिनबाबत ही साखळी लवकर जुळली. ओरेक्सिन जागेपण टिकवते. त्याच्या ग्राहीत दोष असलेल्या डॉबरमन कुत्र्यांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, होतो, आणि या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या आढळतात. डीएसआयपीचे मात्र ना जनुक निश्चित झाले, ना स्वतंत्र ग्राही. प्रतिपिंडांच्या साहाय्याने हायपोथॅलॅमस, रक्त व दुधात त्याच्यासारखे द्रव्य आढळले. पण प्रतिपिंड आकार ओळखतो, उगम सांगत नाही. त्यामुळे ते एखाद्या मोठ्या प्रथिनाचा तुकडा असण्याची शक्यता उरते.

उपयोग
प्राण्यांवरील प्रयोगांत झोपेबरोबरच ताणाशी निगडित संप्रेरके आणि शरीराचे तापमान यांच्या अभ्यासासाठी ते वापरले गेले आहे.

मर्यादा
रक्तातील विकरे त्याचे लवकर विघटन करतात. मात्रा, वेळ आणि प्राण्याची जात बदलली की परिणामही बदलतो. निद्रानाशाच्या रुग्णांवरील १९८०च्या दशकातील चाचण्या लहान होत्या आणि त्यांत दिसलेला लाभ माफक होता. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. संशोधनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कुप्यांची शुद्धता औषधाच्या निकषांवर तपासलेली नसते. त्यांतील द्रव्य झोपेसाठी टोचून घेणे धोक्याचे आहे.