वर्गातून थेट प्राचार्यांच्या खुर्चीत

वर्षानुवर्षं फळ्यापुढे रमलेले प्राध्यापक प्राचार्य होतात आणि टेबलावर पगारबिलं, न्यायालयीन नोटिसा, नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल येऊन पडतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार या पदासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. मुदत ५ वर्षांची. कारभार मात्र बहुतेक जण कार्यालयीन अधीक्षकांशेजारी बसून, आरक्षणाच्या बिंदुनामावलीचा एकेक रकाना समजून घेत शिकतात.

म्हणूनच केंद्र सरकारने २०१८मध्ये आणलेला शैक्षणिक नेतृत्वाचा ‘लीप’ कार्यक्रम मोलाचा. दोन आठवडे देशात, एक आठवडा परदेशात प्रशिक्षण.

पुढे २०२३मध्ये मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेखाली प्राध्यापकांच्या प्रशिक्षण केंद्रांची नव्याने बांधणी झाली. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना अशा प्रशिक्षणाची संधी प्राचार्यांच्या खुर्चीत बसण्याआधीच मिळायला हवी. पहिलं वर्ष फायली समजण्यातच गेलं, तर तेवढ्यात तृतीय वर्षाची मुलं कॉलेज सोडून गेलेली असतात.