जुन्या व्हीटेकला ऑइल कोणतं घालावं?

जुन्या पण पळणाऱ्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं कोल्हापूर जिल्ह्यात बरीच आहेत. त्यांच्या बोलण्यात एक गाडी हटकून येते, ती म्हणजे २००० साली आलेली होंडा सिटी १.५ व्हीटेक. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, १०६ अश्वशक्ती. २००३ मध्ये सिटीचं नवं मॉडेल आलं तेव्हा इंजिन दीड लिटरचंच राहिलं, ताकद मात्र ७७ वर उतरली. त्यामुळे जुनी व्हीटेक ज्यांच्याकडे आहे, ते ती सहसा सोडत नाहीत. आजरा-गडहिंग्लज भागातल्या एखाद्या गॅरेजात ही गाडी ऑइल बदलायला नेली की बोनेट उघडायच्या आधीच सल्ला मिळतो : "जुनी गाडी हाय न्हवं, वीस-पन्नास घाला. जाड ऑइल असलं की इंजिन टिकतंय." सल्ला मनापासूनचा असतो. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडरवर ज्यांचा हात बसला, त्यांच्या अनुभवात तो बरोबरही होता. या इंजिनाला तो लागू पडत नाही.

वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५०. कॅनवरच्या या आकड्यांपासून सुरुवात करू. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. आजऱ्यात हिवाळ्याच्या पहाटेही पारा बारा-पंधराच्या आसपास असतो, मग या आकड्याचं आपल्याला काय, असं वाटू शकतं. पण पंधरा अंशांवरही २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त जाड असतं. सकाळी सेल मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल चेंबरमधून वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायचं असतं आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळी होते.

दुसरा आकडा गरम इंजिनातला. १०० अंश तापमानाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात बसावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे ३० वरून ५० वर उडी मारली की गरम इंजिनातसुद्धा ऑइल दीडपटीहून अधिक जाड होतं.

जाड म्हणजे चांगलं नाही का? इंजिन काय मागतं, ते पाहू. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. शाफ्ट फिरू लागला की तो ऑइल स्वतःच त्या फटीत ओढून घेतो, त्याचा पातळ थर तयार होतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. थर टिकायला ऑइलला पुरेशी जाडी लागते, हे खरं. पण ऑइल सतत बदलत राहणंही तितकंच गरजेचं असतं, कारण बेअरिंगमधली उष्णता तेच बाहेर काढतं. होंडानं या इंजिनाच्या फटी मुळातच बारीक ठेवल्या आहेत. तिथे गरजेपेक्षा जाड ऑइल घातलं आणि गेज लावून बघितलं की दाब वाढलेला दिसतो आणि मालक खूश होतो. दाब वाढतो तो ऑइलला पुढे जायला अडचण होते म्हणून. पंपाला जास्तीचा दाब झेपत नाही, तेव्हा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगपर्यंत न जाता तिथूनच मागे वळतो. थंड इंजिनात फिल्टरचा बायपास उघडला, तर न गाळलेलं ऑइलही पुढे जातं.

या गाडीत ऑइलकडे आणखी एक काम आहे आणि माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. एका सिलिंडरच्या दोन इनटेक वॉल्व्हसाठी कॅमशाफ्टवर तीन उंचवटे असतात. बाजूचे दोन बुटके, मधला उंच. प्रत्येकावर एक रॉकर. कमी आरपीएमला मधला रॉकर नुसता हलत राहतो, वॉल्व्हशी त्याचा संबंध नसतो. आरपीएम ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सोलेनॉइडला वीज देतो, सोलेनॉइड ऑइलची वाट उघडतो आणि रॉकरच्या पोटातल्या छोट्या पिना ऑइलच्या दाबानं सरकतात. तिन्ही रॉकर एकमेकांत अडकून एक होतात आणि वॉल्व्ह मधल्या उंचवट्याच्या तालावर जास्त उघडू लागतात. हेच व्हीटेक. गाडी अचानक सुटल्यासारखी वाटते ती त्या क्षणी. म्हणजे या इंजिनात ऑइल वंगणाबरोबर हायड्रॉलिक यंत्राचंही काम करतं. दाब खरंच पोचला की नाही हे बघायला एक प्रेशर स्विच बसवलेला असतो. तो समाधानी नसेल तर ईसीयू व्हीटेक चालू ठेवत नाही.

सोलेनॉइडच्या बुडाशी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षं स्वस्त ऑइल वापरून, बदलायला उशीर करून चाललेल्या गाडीची ही जाळी काढून बघावी. तिच्यावर डांबरासारखा काळा गाळ चिकटलेला असतो. "गाडीचा वरचा पिकअप गेला" म्हणून प्लग, कॉइल, इंजेक्टर असं सगळं बदलून होतं, आणि दोष निघतो या जाळीत किंवा कमी झालेल्या ऑइलच्या पातळीत. म्हणून आधी डिपस्टिक, मग जाळी, आणि त्यानंतरच बाकीचा खर्च.

आता घाटाची बाजू. आजऱ्याहून गवसेमार्गे आंबोली गाठली आणि सावंतवाडीकडे उतरून पुन्हा वर आलो की इंजिनाची चांगलीच कसोटी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चढत्या आरपीएमला, बेअरिंगमधलं ऑइल १०० अंशांच्या बरंच वर जातं. अशा वेळी कॅनवरच्या १०० अंशांच्या आकड्यापेक्षा दुसरी एक चाचणी जास्त महत्त्वाची ठरते. तिला एचटीएचएस म्हणतात. १५० अंश तापमानाला, बेअरिंगमधल्यासारख्या जोरदार घर्षणात ऑइल किती जाड राहतं, हे त्यात मोजतात. ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, तर १०डब्ल्यू-४० ला आता किमान ३.५. हा आकडा कॅनवर नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा सापडतो. घाटात गाडी मनसोक्त पळवणाऱ्यानं तो जरूर बघावा. ३० ग्रेडमध्येच ३.१-३.२ चा आकडा देणारी ऑइल्स असतात आणि काही वेळा तेवढ्यावर काम भागतं.

मिनरल, सेमी-सिंथेटिक की फुल्ली सिंथेटिक? "जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं की गळती लागते" हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. आजचं सिंथेटिक सील खात नाही. मात्र सील आधीच कडक झालेलं असेल आणि साचलेल्या मळानंच त्याची फट बुजलेली असेल, तर नव्या ऑइलमधली डिटर्जंट्स तो मळ धुतात आणि झिरपणं उघडं पडतं. अशा वेळी सील बदलावं. उष्णतेत लवकर न जळणं, थंडीत चटकन वाहणं आणि गाळ कमी करणं या तिन्ही बाबतीत सिंथेटिक सरस आहे, आणि या इंजिनात गाळ हाच मोठा शत्रू. ५डब्ल्यू-५० सारख्या लांब पल्ल्याच्या ग्रेडच्या मागे मात्र धावू नये. थंडीत पातळ आणि गरमीत जाड हा पल्ला वाढवायला ऑइलमध्ये सहसा जास्त पॉलिमर घालावे लागतात. जास्त आरपीएमला ते तुटत जातात आणि ऑइल हळूहळू पातळ होतं.

कॅनवर एपीआयची, म्हणजे ऑइलच्या दर्जाची, खूण असते. ही गाडी बाजारात आली तेव्हा एसजे दर्जा प्रचलित होता. २००१ मध्ये एसएल आला, २०१० मध्ये एसएन आणि २०२० मध्ये एसपी. नवीन दर्जा जुन्या इंजिनाला चालतो. एक बारकावा तेवढा लक्षात ठेवावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आहे, आणि त्याबरोबर झिंकवालं झीजरोधक रसायनही, म्हणजे झेडडीडीपी, कमी होतं. या इंजिनाच्या रॉकरला रोलर नाहीत, ते कॅमवर घासतच फिरतात, त्यामुळे झेडडीडीपी त्याला उपयोगी पडतं. ४० ग्रेडवर ती मर्यादा नसते. ज्याची गाडी घाटात आणि वरच्या आरपीएमला जास्त असते, त्यानं १०डब्ल्यू-४० चा विचार करायला हे आणखी एक कारण. ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल यात ओतू नये. त्यात राख सोडणारे घटक जास्त असतात, ते कन्व्हर्टरला मानवत नाहीत.

आता आजऱ्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर इथे हवेत ओल भरून राहते आणि गाडीच्या फेऱ्या छोट्या होतात. बाजारपेठेत जाऊन यायचं, मुलांना सोडायचं, एवढंच. तापमानाचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, पण तो पाण्याचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ते तापण्याआधीच इंजिन बंद झालं की आत जमलेली वाफ आणि सिलिंडरमधून खाली उतरलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. श्रावणात ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट-पांढरा चिकटा दिसतो, तो यामुळे. तो फक्त झाकणाखाली असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत नसेल, तर हेड गॅस्केटची भीती नको. डिपस्टिकवरही तोच रंग दिसला तर मात्र गाडी चालवू नये, लगेच मिस्त्रीला दाखवावी. एरवी आठवड्यातून एकदा उघडीप बघून गडहिंग्लजपर्यंत किंवा आंबोलीपर्यंत सलग चालवून आणावी. ऑइल नीट तापलं की ओल आणि पेट्रोल वाफ होऊन निघून जातात. निघाल्या निघाल्या गाडी व्हीटेकपर्यंत ताणू नये, पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालवावी.

म्हणूनच ऑइल बदलायची वेळ माझ्या मते पावसाळ्याआधीची नसावी, नंतरची असावी. चार महिन्यांची ओल आणि आम्ल घेऊन बसलेलं ऑइल उन्हाळ्यापर्यंत कशाला ठेवायचं? खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा होतेच, त्याच्या आधल्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. वर्षाला गाडी दोनच हजार किलोमीटर चालली तरीही. जास्त चालत असेल तर दर पाच हजारांना.

गाडी ऑइल खात असेल तर ग्रेड वाढवण्याआधी कारण शोधावं, आणि त्यासाठी आंबोली घाट कामाला येतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. थ्रॉटल बंद असल्यानं इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होते. खाली सपाटीला पोचल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि मागच्या गाडीतल्या माणसाला धूर बघायला सांगा. निळ्या धुराचा एकच लोट येऊन थांबला तर वॉल्व्ह सील गेली आहेत, कारण त्या ओढीनं ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरलं. याउलट, चढताना दाब दिल्यावर सतत निळा धूर येत राहिला तर संशय पिस्टन रिंगवर. वॉल्व्ह सील जाणकार मिस्त्री हेड न उतरवताही बदलू शकतो, खर्च आवाक्यातला असतो. रिंगचं काम म्हणजे इंजिन उघडणं आलं. ते पुढे ढकलायचं असेल तर १०डब्ल्यू-४० वर जाणं हा समजूतदार मधला मार्ग आहे, पण तो दुरुस्तीचा पर्याय नव्हे.

तेव्हा माझं मत असं : इंजिन धडधाकट असेल, दोन ऑइल बदलांमध्ये पाव-अर्धा लिटरपेक्षा जास्त भर घालावी लागत नसेल, तर १०डब्ल्यू-३०, सिंथेटिक किंवा चांगलं सेमी-सिंथेटिक, एसएन किंवा एसपी. घाटात जोरात चालणाऱ्या किंवा थोडं ऑइल खाणाऱ्या गाडीला १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. २०डब्ल्यू-५० पद्मिनीसाठी राहू द्यावं. ब्रँडवरून भांडू नये. सरकारी तेल कंपन्यांचं असो की खासगी, ग्रेड आणि दर्जा बरोबर असला की झालं. अस्सल माल मिळणं जास्त महत्त्वाचं आहे. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावं, सील तपासावं, आणि रिकामा कॅन टाकण्याआधी कापावा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही.

बदलताना इंजिन आधी गरम करून घ्यावं, गरम ऑइल गाळही घेऊन उतरतं. चेंबरच्या नटाचा अ‍ॅल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा घालावा. जुनाच बसवला तर थेंब-थेंब गळतं आणि दोष सिंथेटिकवर येतो. भरून झाल्यावर गाडी सपाटीला उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघावी. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपलीकडे भरू नये, कारण क्रँकशाफ्ट ऑइलवर आपटून फेस होतो, फेसाचा दाब टिकत नाही आणि व्हीटेकच्या पिना नेमक्या दाबावरच चालतात.

काढलेलं काळं ऑइल वाळवी लागू नये म्हणून वाशांना, कुंपणाच्या खांबांना फासायची आपल्याकडे सवय आहे. पावसात ते धुऊन ओढ्यातून हिरण्यकेशीला मिळतं, आणि त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळक्या पेट्रोलची घाण असते. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं. ते नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजचं जुनं ऑइल पुनर्शुद्धीकरणाला जातं, तिथे द्यावं. कॅन मग तिथे रिकामा झाल्यावर कापावा.