भाजलेल्या जखमेवर माशाची कातडी

भाजलेल्या रुग्णाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती ड्रेसिंग बदलण्याची. ओल्या जखमेतून पाझरणारा द्राव गॉजच्या जाळीत सुकतो, नव्या पेशीही तिच्यात गुंततात. गॉज काढताना हे सगळं उपटून निघतं. जखमेवरचं आच्छादन चांगलं की वाईट, हे मला वाटतं इथेच ठरतं.

ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी त्यासाठी तिलापियाची कातडी वापरून पाहिली. उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात, तोच हा मासा. कातडी स्वच्छ आणि निर्जंतुक करून ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. तिच्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. ती जखमेला घट्ट चिकटते आणि ओल धरून ठेवते. खोलवर भाजलेलं नसेल, तर खाली नवी त्वचा येईपर्यंत ती काढावी लागत नाही. (बाजारातल्या माशावर हा प्रयोग करू नका! भाजलं की आधी २० मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ नको.)

आइसलँडची केरेसिस कंपनी कॉडची कातडी वापरते, पण तिची तऱ्हा निराळी. पेशी काढून टाकल्यावर उरतो तो सच्छिद्र सांगाडा. त्यात रुग्णाच्याच पेशी शिरतात आणि कातडी हळूहळू जिरून जाते. डुक्कर किंवा गायीच्या ऊतींमधून माणसाला विषाणू लागण्याची भीती असते, म्हणून त्यांच्यावर कडक रासायनिक प्रक्रिया करावी लागते. थंड समुद्रातल्या माशाबाबत हा धोका नगण्य, त्यामुळे सौम्य प्रक्रिया पुरते आणि मूळ वीण शाबूत राहते. शिवाय डुक्कर वा गाय धर्मामुळे नको असलेल्या रुग्णांनाही मासा चालतो.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या डेंकेनडॉर्फमध्ये, माशाविना तेच साधलं आहे. तिथलं सुप्राथेल बनतं लॅक्टिक आम्लापासून, म्हणजे दह्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लापासून. हा पातळ पापुद्रा जखमेवर पारदर्शक होतो, त्यामुळे न काढताच खालची जखम दिसते. त्वचा भरली की तो आपोआप सुटतो. हे सगळं उत्तम, पण स्वस्त नाही.

मुंबईने मात्र उलटी वाट धरली: चिकटूच द्यायचं नाही. १९८५ साली तिथल्या डॉक्टरांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००३ मध्ये सायन रुग्णालयातून केळीच्या पानाचे आले. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला धरत नाही, म्हणून ते काढताना वेदना जवळपास होतच नाहीत. आणि खर्च बटाट्याच्या सालींपेक्षाही कितीतरी कमी.